उबदार मुलखातला बर्फ

अमेरिकेच्या दक्षिण पट्ट्यात, म्हणजे टेक्सास, लुइझियाना, अलाबामा, जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायना राज्यांत, हिवाळा हा मुख्यतः स्वेटर घालण्यापुरता असतो. डॅलसमध्ये वर्षाकाठी सरासरी जेमतेम चार सेंटीमीटर बर्फ पडतो, अटलांटात पाचेक. उत्तरेकडच्या मिनिॲपोलिसमध्ये हाच आकडा सव्वा मीटरच्या वर जातो. तरीही बर्फाने शहर ठप्प झाल्याच्या, लोक रात्रभर गाड्यांत अडकल्याच्या बातम्या बहुधा दक्षिणेतून येतात. त्यावर उत्तरेकडच्यांचा शेरा ठरलेला असतो : दक्षिणेतल्या लोकांना बर्फात गाडी चालवता येत नाही. शेऱ्यात तथ्य आहे, पण थोडेच. निसरड्या बर्फावर गाडी कोणालाच नीट चालवता येत नाही. उत्तरेकडचा माणूस हिवाळाभर ज्या रस्त्यावरून बिनघोर जातो, त्यावरचा बर्फ पहाटेच यंत्रांनी खरवडलेला असतो, त्यावर मीठ पडलेले असते आणि त्याच्या गाडीला हिवाळ्याचे टायर असतात. हे तिन्ही काढून घेतले तर त्याचे कौशल्य किती उरेल, हा खरा प्रश्न आहे. उबदार मुलखात हे तिन्ही मुळातच नसते. त्यामुळे तिथे बर्फातल्या सुरक्षिततेचा बराचसा भाग किल्ली फिरवण्याआधीच ठरतो.

डॅलस आणि जम्मू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ह्यूस्टन तर दिल्लीच्या थोडेच उत्तरेला. पण भारताच्या डोक्यावर हिमालयाची आडवी भिंत आहे आणि मध्य आशियातली थंड हवा ती अडवून धरते. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी आणि ॲपलेशियन या दोन्ही मोठ्या पर्वतरांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. कॅनडाच्या उत्तरेला साठलेली ध्रुवीय हवा सुटली की मधल्या सपाट गवताळ प्रदेशावरून ती थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत येते. वाटेत तिला थोपवणारे काही नसते. काही तासांत पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो. दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरणारी माणसे रात्री नळ गोठू नयेत म्हणून धार सोडून ठेवतात.

नुसत्या थंडीने रस्ता बिघडत नाही, त्यासाठी पाणी लागते, आणि ते आखातातून येते. जड, थंड हवा जमिनीलगत पातळ थरात पसरते आणि आखाताची उबदार, दमट हवा तिच्यावरून सरकते. वर तयार झालेला हिमकण या उबदार थरात वितळून थेंब होतो. खालच्या थंड थरातून पडताना पुन्हा गोठायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. शून्याखालच्या तापमानाचा पण द्रवच असलेला हा थेंब रस्त्याला, झाडाला, विजेच्या तारेला टेकतो आणि तिथेच गोठतो. हाच गोठणारा पाऊस. जॉर्जिया आणि कॅरोलायनात ॲपलेशियन डोंगरांच्या पूर्व उतारावर थंड हवा पाचरीसारखी अडकून राहते, त्यामुळे तिथे हा प्रकार विशेष. भुसभुशीत हिमाला निदान डोळ्यांना दिसण्याचा तरी गुण आहे. गोठलेला पाऊस पारदर्शक असतो. खालचे डांबर जसेच्या तसे दिसते आणि रस्ता फक्त ओला वाटतो. बोलीत ज्याला ब्लॅक आइस म्हणतात तो हाच.

या बर्फाचा आणखी एक दोष आहे, आणि उत्तर-दक्षिणेच्या वादात तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. बर्फ सगळीकडे सारखा निसरडा नसतो. उणे वीस अंशांवरचा बर्फ टायरला बऱ्यापैकी धरतो. शून्याच्या आसपासचा बर्फ त्याच्या निम्मी पकडही देत नाही. कारण बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवसदृश असा अतिशय पातळ थर असतो आणि तापमान शून्याकडे येईल तसा तो जाड होत जातो. असा थर असावा, हे मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच सुचवले होते. पुढे बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांतून वेगळेच स्पष्टीकरण शिकवले गेले : वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून घसरायला होते. हिशेब केला तर ते टिकत नाही. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायला हवेच्या दाबाच्या सव्वाशे पटीहून जास्त दाब लागतो. मोटारीच्या टायरखाली तो दोन-तीन पट असतो, म्हणजे फरक पडला तर अंशाच्या काही शतांशांचा. पृष्ठभागावरचा तो थर आणि घासण्यातून निर्माण होणारी उष्णता, ही दोन कारणे खरी. मिनेसोटातला जानेवारीचा बर्फ कडक, कोरडा असतो. डॅलसचा बर्फ शून्याच्या उंबरठ्यावर, वरून ओला. उत्तरेत तीस वर्षे गाडी हाकलेला चालकही दक्षिणेत येऊन घसरतो तो यामुळे.

गणित साधे आहे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक ०.७ च्या आसपास असतो, बर्फावर ०.१, आणि वितळू लागलेल्या ओल्या बर्फावर ०.०५ पर्यंत उतरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर साधारण १४ मीटरवर थांबते. बर्फावर त्याच गाडीला जवळजवळ १०० मीटर लागतात, ओल्या बर्फावर २००. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जाणारे वीसेक मीटर यात धरलेले नाहीत. वेग ताशी २० वर आणला तर बर्फावरचे अंतर १६ मीटरवर येते, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते किंवा घटते. चालकाच्या हातात असलेले सर्वांत मोठे साधन हेच, आणि त्यासाठी कोणतेही खास कसब लागत नाही. या सूत्रात गाडीचे वजन कुठेच येत नाही, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी. दोन-अडीच टनांची एसयूव्ही जड म्हणून रस्त्याला घट्ट धरेल, हा समज टेक्सासमध्ये फार लोकप्रिय आहे. वजनाबरोबर पकड वाढते हे खरे, पण थांबवायचा गाडाही तेवढाच वाढतो. हिशेब जिथल्या तिथे राहतो.

उताराचा हिशेब याहून वाईट. घर्षणगुणांक ०.०५ असेल आणि रस्त्याचा उतार शंभराला सहा असेल, तर गाडी थांबवता येत नाही. इतकेच काय, थांबलेली गाडीही आपोआप घसरू लागते. शंभराला पाच-सहा उतार म्हणजे घाट नव्हे, कोणत्याही उड्डाणपुलाचा चढ तेवढा असतो. टेक्सासच्या शहरांत तर उड्डाणपुलांवर उड्डाणपूल आहेत. डॅलसमध्ये दोन महामार्ग जिथे छेदतात तिथला २००५ मध्ये पूर्ण झालेला ‘हाय फाइव्ह’ हा पाच मजली गुंता आहे. त्यातला सर्वांत वरचा रस्ता बारा मजली इमारतीच्या उंचीवरून जातो. वेगात वळणाऱ्या गाड्या बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून अशा वळणांवर रस्ता आतल्या बाजूला कललेला ठेवतात. बर्फाच्या दिवशी सावधपणे, अगदी हळू चाललेली गाडी या कलत्या रस्त्यावरून आडवी, आतल्या कठड्याकडे ओघळत जाते. तीनशे पासष्ट दिवसांतले तीनशे साठ दिवस जी रचना सुरक्षितता देते, तीच उरलेल्या दिवसांत घात करते. यात अभियंत्यांची चूक काढता येत नाही. रस्ता नेहमीच्या दिवसांसाठीच बांधायचा असतो.

पुलांची दुसरी अडचण उष्णतेची. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब मिळते. उबदार प्रदेशात ही ऊब बरीच असते, त्यामुळे हवा शून्याखाली गेली तरी साधा रस्ता काही तास नुसता ओला राहू शकतो. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो, तो आधी गोठतो. पूल रस्त्याआधी गोठतो, अशी पाटी टेक्सासच्या महामार्गांवर ठिकठिकाणी दिसते. वर्षभर ती पाहून पाहून डोळ्यांना दिसेनाशी होते. दक्षिणेतला फसवा क्षण नेमका इथे असतो : तीन-चार किलोमीटर चांगला रस्ता, चालकाला आलेला आत्मविश्वास, आणि मग पूल. पुलावर चढण्याआधीच वेग उतरवायचा, पुलावर असताना ब्रेक, एक्सलरेटर किंवा स्टिअरिंग यांपैकी कशालाही झटका द्यायचा नाही, हा नियम या भागासाठी सर्वांत मोलाचा आहे.

फोर्ट वर्थ शहरात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे सहाच्या सुमारास जे घडले त्यात वरच्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. इंटरस्टेट ३५ डब्ल्यू या महामार्गाच्या टोल भरून जायच्या मार्गिकांवर हलका गोठणारा पाऊस पडला होता. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे. जागा उंचावलेल्या, उताराच्या भागावर. अंधार. वेगमर्यादा मैलांत ७५, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. पहिली गाडी घसरून अडकली. मागून येणाऱ्यांना चढावरून पलीकडचे दिसेपर्यंत उशीर झालेला होता, आणि कठड्यांमुळे बाजूला वळायला जागा नव्हती. ताशी १२० च्या वेगाला बर्फावर अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर लागते. १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसे गेली, अनेक जखमी झाली. कोविडचे दिवस होते. त्या रस्त्यावर रुग्णालयांतून पाळी संपवून येणारे आणि पाळीवर जाणारे कर्मचारीही होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती परिस्थितीच्या मानाने जास्त असलेल्या वेगावर बोट ठेवले, पण तेवढ्यावर थांबले नाही. त्या भागावर मिठाचे पाणी सुमारे दोन दिवस आधी फवारलेले होते. रस्ता गोठतो आहे हे वेळीच ओळखून पुन्हा फवारणी झाली नव्हती. हवामानानुसार वेगमर्यादा बदलण्याची सोय असावी, अशी शिफारसही मंडळाने केली. या प्रकरणातल्या चालकांना बेपर्वा म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे ओला दिसणारा रस्ता होता आणि वेगमर्यादेचा फलक रोजचाच आकडा सांगत होता.

मिठाबद्दलही एक गैरसमज आहे. मीठ बर्फ वितळवते ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणून. २३ टक्क्यांच्या आसपासचे द्रावण तत्त्वतः उणे एकवीसपर्यंत गोठत नाही, पण रस्त्यावर साध्या मिठाचा उपयोग उणे नऊ-दहाच्या खाली फारसा होत नाही. दक्षिणेत तापमान बहुधा त्याच्या वरच असते, म्हणजे मीठ चालायला हवे. अडचण वेगळी आहे. वादळाची सुरुवात पुष्कळदा साध्या पावसाने होते, आदल्या दिवशी फवारलेले मिठाचे पाणी त्यात वाहून जाते आणि मग त्याच धुतलेल्या रस्त्यावर पाऊस गोठू लागतो. आधी फवारावे तर वाया जाते, नंतर फवारावे तर गाड्या रस्त्यात. उत्तरेतल्या शहरांकडे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारण्याइतके ट्रक असतात. दक्षिणेने वर्षातल्या दोन दिवसांसाठी तेवढा ताफा बाळगावा, अशी अपेक्षा करणे करदात्यावर अन्याय ठरेल. जिथे साधन नसते तिथे वेळ हेच साधन उरते. दोन दिवस शहर बंद ठेवणे हा दक्षिणेचा मिठाचा ट्रक आहे, आणि तो स्वस्त आहे.

तो वेळेवर बाहेर काढला नाही तर काय होते, हे अटलांटाने २८ जानेवारी २०१४ रोजी पाहिले. त्या मंगळवारी शहरात पडलेले हिम अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे सहा-साडेसहा सेंटीमीटर. हवामान खात्याचा इशारा पहाटेच आलेला होता. तरी सकाळी शाळा उघडल्या, कार्यालये भरली. दुपारी हिम पडू लागल्यावर शाळा, सरकारी कचेऱ्या आणि खासगी कंपन्या या सर्वांनी जवळजवळ एकाच वेळी सुट्टी दिली. लाखो गाड्या दोन-तीन तासांत रस्त्यावर आल्या. कोंडीत गाड्या जागच्या जागी फिरत्या चाकांनी हिम दाबत राहिल्या. इंजिनांच्या आणि चाकांच्या उष्णतेने ते थोडे वितळले आणि संध्याकाळी पारा उतरताच त्याचा काचेसारखा थर झाला. शहराला वळसा घालणाऱ्या इंटरस्टेट २८५ वर मालट्रक आडवे झाले. मीठ टाकणारे ट्रक होते, पण तेही त्याच कोंडीत मागे उभे. हजारो मुलांना रात्र शाळेत काढावी लागली, काहींना बसमध्ये. लोक गाड्या सोडून चालत निघाले आणि दुकानांच्या फरशीवर झोपले. एका बाळाचा जन्म महामार्गावरच झाला. गव्हर्नर नेथन डील यांनी पुढे जबाबदारी घेऊन माफी मागितली.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा घसरणाऱ्या गाड्यांचे केले जाते. खरे तर त्या दुपारी बर्फावर चालवण्याचा प्रश्न फार थोड्यांच्या वाट्याला आला. बहुतेकांच्या गाड्या चालतच नव्हत्या. घसरले ते वेळापत्रक. हेच हिम मध्यरात्री पडले असते, तर सकाळी खिडकीतून रस्ता पाहून लोक घरी बसले असते. दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, त्याहून मोठे वादळ आले तेव्हा झालेही तसेच : अटलांटाचे रस्ते रिकामे राहिले. त्याच वादळात नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीमध्ये मात्र भर दुपारी सगळे एकदम घरी निघाले आणि अटलांटाचीच आवृत्ती निघाली. रॅलीला हा धडा नवा नव्हता. २००५ च्या जानेवारीत जेमतेम इंचभर हिमाने ते शहर असेच रात्रभर अडकले होते. दोन आठवड्यांत अटलांटाच्या चालकांचे हात काही तयार झाले नव्हते. बदलली होती ती निघण्याची वेळ.

शहर बंद ठेवण्याविरुद्धचा आक्षेप उघड आहे. अंदाज चुकतात. सुट्टी दिली आणि हिम पडलेच नाही तर अधिकाऱ्यांची टिंगल होते, कामाचे तास बुडतात, पुढच्या इशाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. आक्षेप पोकळ नाही, पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. विनाकारण दिलेल्या सुट्टीची भरपाई होते. त्याहून कठीण आक्षेप दुसरा : घरी बसणे प्रत्येकाला परवडत नाही. संगणकावर काम करणाऱ्याला घरी राहा म्हणणे सोपे. परिचारिका, वीज दुरुस्त करणारा, रोजावर काम करणारा आणि घरपोच सामान पोचवणारा यांच्यासाठी त्या सल्ल्याचा अर्थ वेगळा. शहाणपणाने घरी बसलेल्यांची किराणा मागवण्याची सवय कोणाला तरी त्याच बर्फावर पाठवते, हे फारसे बोलले जात नाही. म्हणून बंदचा निर्णय व्यक्तीवर सोडून चालत नाही. तो शाळा, कंपनी आणि सरकार यांनी आदल्या संध्याकाळीच घ्यावा लागतो, आणि निघायचेच असेल त्यांच्यासाठी वेळा वाटून द्याव्या लागतात. ज्यांना जाणे भाग आहे त्यांना मोकळा रस्ता मिळणे, हाच इतरांनी घरी बसण्याचा मोठा फायदा.

ज्यांना निघावेच लागते त्यांच्यासाठी चालवण्याचे तंत्र आहे, आणि ते एका तत्त्वात मावते. टायरकडे पकडीचा साठा ठरावीक असतो. ब्रेक, वळण आणि वेग वाढवणे ही तिन्ही कामे त्याच साठ्यातून खर्च होतात. बर्फावर साठा सातवा हिस्सा उरतो, म्हणून एका वेळी एकच काम. वळायच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळताना पाय हलका ठेवायचा, वळण संपल्यावर हळूच पुढे काढायचे. गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर चाके जागेवर फिरत नाहीत. क्रूझ कंट्रोल बंद, कारण चाक घसरले तरी ते आपला वेग राखायला बघते. चढावर आधीच थोडी गती घेऊन मध्ये न थांबता जायचे. पुढची गाडी चढावर अडकली असेल तर मागच्याने पायथ्याशीच थांबायचे. उतारावर लहान गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. पुढच्या गाडीपासून अंतर आठ-दहा सेकंदांचे.

हे शेवटचे कलम मराठी माणसाला सर्वांत जड जाते. डॅलसच्या उत्तरेची फ्रिस्को-प्लेनो उपनगरे किंवा अटलांटाजवळचे अल्फारेटा इथे मराठी वस्ती चांगली वाढली आहे. २०१९ चे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन डॅलसलाच भरले होते. यातल्या पुष्कळांचा हात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर बसलेला असतो, आणि तिथे पुढे मोकळी जागा सोडली की कोणीतरी घुसतो. ती जागा भरून काढायची सवय अंगात मुरलेली असते. दुसरीकडे, याच लोकांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा राडा होऊन दुचाकी कशी सटकते, हे त्यांनी पाहिलेले असते. तेव्हा पुढचा ब्रेक दाबू नये, हँडल झटकन वळवू नये, हे हाताला माहीत असते. बर्फावर तेच, फक्त दिवसभर आणि चारही चाकांखाली.

रस्ता गोठलेला आहे हे ओळखायचे कसे? ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडतात. रस्ता ओला चमकतो आहे पण तुषार नाहीत, तर ते पाणी नव्हे. टायरचा घरघर आवाज एकाएकी मंदावतो, स्टिअरिंग हलके लागते. डॅशबोर्डवरचे तापमान हवेचे असते, रस्त्याचे नव्हे. तिथे तीन अंश दिसत असताना पूल गोठलेला असू शकतो. गाडी घसरलीच तर एक्सलरेटर सोडायचा, ब्रेकचा मोह आवरायचा, आणि जिथे जायचे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळू वळवायचे. नजर कठड्यावर खिळली की हातही तिकडेच जातात. थांबणे अटळ असेल आणि गाडीला एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. पायाखाली होणारी थरथर हा बिघाड नसतो. ब्रेक दाबून-सोडून मारण्याचा जुना सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होता.

एबीएसमुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. बर्फावर थांबण्याचे अंतर मात्र त्याने फारसे घटत नाही. चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीचे असेच आहे. अशी गाडी बर्फावरून सहज निघते, चढ चढते, त्यामुळे मालकाला रस्ता चांगला असल्याचा भास होतो. ब्रेक तर प्रत्येकच गाडीचे चारही चाकांना असतात. निघणे सोपे आणि थांबणे इतरांइतकेच कठीण, हा संयोग घातक आहे, आणि बर्फाच्या दिवशी खड्ड्यात उतरलेल्या गाड्यांत या महागड्या गाड्या कमी नसतात. पकड खरोखर वाढवतो तो टायर. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते, हिवाळी टायरचे मऊ राहते. पण डॅलसमध्ये वर्षातल्या दोन दिवसांसाठी हिवाळी टायरचा संच कोणी घेत नाही, आणि न घेण्यात चूकही नाही. बाकी दिवसांच्या उन्हात तो झिजून जाईल.

अटलांटाच्या रात्रीने आणखी एक शिकवले : अडकणे हे अपघाताहून जास्त संभवनीय आहे. अर्ध्याहून अधिक भरलेली टाकी, पांघरूण, पाणी, औषधे, फोनचा चार्जर एवढे गाडीत असले तर रात्र निभते. इंजिन चालू ठेवून ऊब घेताना धुराच्या नळीचे तोंड हिमाने बुजलेले नाही हे उतरून पाहावे लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. काचेवरचा बर्फ काढायला उकळते पाणी ओतले तर काच तडकते. वादळात वीज गेली की सिग्नलही बंद पडतात. अमेरिकेत अशा चौकात प्रत्येक दिशेने थांबून पाळीपाळीने जाण्याचा नियम आहे, पण बर्फावर समोरचा थांबू शकेलच असे धरून पुढे घुसणे शहाणपणाचे नाही.

भारतातही हा प्रश्न आता आला आहे, उलट्या वाटेने. तिथे बर्फ उबदार मुलखात येत नाही, उबदार मुलखातला चालक बर्फात जातो. मनालीपासून लाहौलला नेणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि तीन हजार मीटर उंचीवरचा डिसेंबर मैदानी प्रदेशातल्या गाड्यांच्या आवाक्यात आला. त्यांत महाराष्ट्राच्या पाट्यांच्या गाड्याही असतात. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा, तोंडाबाहेर उतारावर बर्फ, दिवसा वितळलेला आणि दुपारनंतर पुन्हा गोठलेला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या. हिमपात झाला की पोलीस फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. पर्यटकांना ती अडवणूक वाटते. स्थानिक चालक साखळ्या बाळगतात आणि ऊन कलण्याआधी खाली उतरतात. पर्यटक मात्र सूर्यास्ताचे फोटो काढून निघतो, म्हणजे नेमका रस्ता गोठायला लागल्यावर.

पुन्हा गोठण्याचा हा प्रकार अमेरिकेच्या दक्षिणेतही वादळानंतरच्या दिवसाचा मुख्य धोका आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, रस्ता काळा दिसू लागतो, लोक बाहेर पडतात. दिवसा वितळलेले पाणी रस्त्याच्या कडेने, पुलांच्या सांध्यांवरून, इमारतींच्या सावलीतून वाहत राहते आणि अंधार पडताच गोठते. तेव्हा इशारा उठलेला असतो, शाळा दुसऱ्या सकाळी उघडणार असतात. दुपारी बाराला सुरक्षित असलेला रस्ता पहाटे सहाला सुरक्षित असेलच असे नाही. म्हणून वादळानंतरचे पहिले दोन दिवस शाळा आणि कार्यालये दोन तास उशिरा उघडण्याची पद्धत दक्षिणेतल्या अनेक ठिकाणी आहे. सूर्य वर आल्यावर पुलांवरचा थर सुटायला साधारण तेवढाच वेळ लागतो.